कोनाड्यातली बाटली

शुक्रवारी दुपारी आम्ही बापलेक घरी आलो की आई आम्हाला दाराबाहेरच उभं करायची. दाराला साखळी लावून ती फटीतून आधी आमच्या पायांकडे बघायची. मग फटीतून दोन प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर यायच्या. त्यांत चपला काढून ठेवायच्या आणि कशालाही हात न लावता, दोन्ही हात छातीशी धरून, सरळ न्हाणीघर गाठायचं. शार्जातल्या रोल्ला भागातल्या आमच्या त्या इमारतीचा पॅसेज अरुंद होता आणि समोर वसईच्या एक काकू राहत. त्यांना हा सोहळा दर आठवड्याला फुकटात बघायला मिळे. "फार्महाउसवर गेले होते का आज पण?" त्या आईला विचारत, आणि आई मान ताठ करून "हो, फार्महाउसवरच," म्हणे. ते काही खोटं नव्हतं. फक्त फार्महाउसवर जाऊन आम्ही काय करत होतो, ते ती मेली तरी सांगणार नव्हती. आम्ही तिथले जुने संडास उकरत होतो.

माझे बाबा शार्जात एका कंत्राटदाराकडे सर्व्हेअर होते. सहा दिवस नव्या रस्त्यांच्या आणि इमारतींच्या जागा मोजायच्या, आणि सातव्या दिवशी जुन्या जागा शोधत हिंडायचं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. धैद गावाच्या पुढे डोंगर जवळ यायला लागले की रस्त्यापासून आत अशी कितीतरी शेतघरं रिकामी पडलेली होती. विहिरींचं पाणी खोल गेलं, खारं झालं, सरकारने पक्की घरं बांधून दिली, माणसं तिकडे निघून गेली. मागे राहिल्या मातीच्या भिंती, वाळून माना टाकलेल्या खजुरी आणि एखादं चुकार बकरं. त्या घरांत कोण राहत असेल, काय खात असेल, याचं बाबांना भारी कुतूहल. पण घरात शोधण्यात अर्थ नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. "जाताना माणूस घर झाडून नेतो, सुले. संडासाच्या खड्ड्यात हात घालून कोणी काही परत नेत नाही. म्हणून तिथे जे सापडतं ते खरं."

खड्डा शोधायची त्यांची पद्धत मला अजून तोंडपाठ आहे. आधी विहीर बघायची, मग वाऱ्याची दिशा, आणि मग विहिरीपासून लांबचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाचा कोपरा धरायचा. तिथे छातीइतक्या भिंतीचा तुकडा उभा असे, नाहीतर नुसता पाया. साइटवरची एक सळई वाकवून बाबांनी तिला आडवी मूठ करून घेतली होती. ती जमिनीत दाबत जायचं. कोऱ्या जमिनीत सळई वीतभर जाऊन अडते. खड्ड्यावर आली की हात खाली जातो आणि आपणच पुढे झुकतो. खड्डा भरला की ती माणसं शेजारी दुसरा खणत आणि पहिल्यात फुटकं-तुटकं टाकून तो बुजवत. मडक्यांचे तुकडे, माशांचे काटे, एका पायाची चप्पल, आणि बाटल्या. बाकी सगळी नुसती माती, कोरडी, पिठासारखी आणि बिनवासाची. "अगं निर्मला, इतक्या वर्षांनी त्याची निव्वळ माती होते," बाबा आईला समजावत. "माती असेल हो, पण कशाची?" आई म्हणे, आणि तो विषय तिथेच संपे.

बाबांचा खरा जीव होता तो वय काढण्यात. बाटली हातात आली की ते आधी अंगठा तिच्या अंगावरून वर सरकवत न्यायचे. काचेला शिवण असते. ती मानेपाशी संपली तर तोंड हाताने केलेलं, म्हणजे बाटली म्हातारी. शिवण थेट ओठापर्यंत गेली तर यंत्रावरची, म्हणजे तरुण. मग उन्हात धरून आतले बुडबुडे बघायचे आणि मग बूड. कितीतरी बाटल्यांच्या बुडावर किंवा पोटावर मुंबईचं नाव उठवलेलं असे. गोटीच्या सोड्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या, शाईच्या. दिरहम यायच्या आधी इथे आपलाच रुपया चालायचा, त्यामुळे खड्ड्यांत आपली नाणीही मिळत आणि बाबांना थराचं वय सांगत. घरच्यांना सोडून आपण एवढं लांब आलो आणि इथे मातीखाली आपल्याच गावच्या बाटल्या, याचं बाबांना इतकं सुख वाटे की ते एकटेच हसत बसत. आज असं कोणाच्या पडक्या घरात शिरून खणायला गेलं तर पोलीस नेतील, आणि न्यावंच. तेव्हा कोणी अडवत नव्हतं. अडवत नव्हतं म्हणून चालत होतं, एवढंच मी आज म्हणेन.

बाबांचा एक नियम मात्र होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच शुक्रवारी सांगितला होता. टाकलेलं घ्यायचं, ठेवलेलं घ्यायचं नाही. खड्ड्यातलं ते टाकलेलं. घरात खुंटीवर, फळीवर, कोनाड्यात जे असेल ते ठेवलेलं, मग ते घर कितीही पडकं असो. "ठेवलेल्याला मालक असतो," ते म्हणत.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबुडकी गॅलरी. एसीची घरघर इतकी सवयीची की वीज गेली की आपल्याला ऐकू येईनासं झालं असं वाटे. शुक्रवारी नमाजाच्या वेळी खालच्या दुकानांची शटरं एकामागून एक खडखडत खाली येत, आणि त्या आवाजावर आई पिठलं उतरवायची. रोल्ला म्हणजे अरबीत वडच. तिथे म्हणे पूर्वी एक अवाढव्य वड होता, पण आई यायच्या आधीच तो पडला होता, आणि हे तिने फार मनाला लावून घेतलं होतं. वटपौर्णिमेला ती भिंतीवर वडाचं चित्र डकवून त्याला दोरा गुंडाळायची आणि खाली वाकून बघायची, की जिथे खरा वड होता त्या बागेतल्या बाकांवर आज कोण कोण बसलंय. गॅलरीतल्या एका टपात बाबांच्या बाटल्या धुतल्या जात. त्यांना हात लावायला ती आधी तयार नव्हती. मग म्हणाली, घरात राहणारच असतील तर माझ्या हातून धुऊन राहतील. चिंच, मीठ, धुण्याचा सोडा, उकळतं पाणी. प्रत्येक बाटली सात पाण्यांतून जायची. आतमध्ये बारीक खडे घालून ती अशी खळखळवायची की पॅसेजपर्यंत आवाज जाई. आईने धुतलेली बाटली म्हणजे नवी कोरी. बाबा कधीकधी कुरकुरत, "अगं, जरा राहू दे की तिचं वय तिच्या अंगावर." आई ऐकत नसे.

आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे, आजीचं लिंबू होतं. आईचं माहेर कराडजवळचं. उसाचं घर, स्वतःचं गुऱ्हाळ. खाराची लिंबं आजी घाले ती वर्षानुवर्षं मुरून अगदी काळी होत, आणि पोट बिघडलं, तोंडाची चव गेली की चिमूटभर चाटवायची ती. माल्टच्या पावडरीच्या एका काचेच्या बरणीत घालून तिने ती कोणा येणाऱ्याबरोबर आमच्याकडे धाडली होती. त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. पत्र पोचलं तेव्हा तिकडे बारावा-तेरावाही उरकला होता, आणि आईचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी बाबांच्या कंपनीत जमा होता, त्यामुळे वेळेत कळलं असतं तरी जाणं नव्हतंच. त्या दिवसापासून आम्हाला ताप येवो, उलट्या होवोत, ती बरणी खाली आली नाही. बाजारचं लोणचं आणलं जाई. बरणीत सात-आठ लिंबं उरली असतील.

ज्या शुक्रवारबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी मी बारा वर्षांची होते आणि घुश्शात होते. मला एवढ्या सगळ्या शुक्रवारांत एकही अख्खी बाटली सापडली नव्हती. मला सापडत ते तुकडे. बाबा खड्ड्यात कमरेपर्यंत उतरले होते, ऊन चढलं होतं, आणि ते म्हणाले, "जा, सावलीत बस जरा." त्या घराच्या मागच्या अंगाला दोन पायऱ्या उतरून जमिनीत एक बुटकी खोली होती. तिच्या जमिनीला शेतासारख्या सऱ्या पाडलेल्या होत्या आणि सगळ्या सऱ्या उतरत उतरत एका कोपऱ्यात पुरलेल्या रांजणापाशी येत होत्या. खजुराची पोती तिथे एकावर एक रचून ठेवत. भाराने आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने त्यातून पाक गळे आणि सऱ्यांमधून रांजणात उतरे. त्या पाकाला दिब्स म्हणतात. बाबांनी हे मला सगळं सांगितलं होतं. आत गार होतं. दारातून उन्हाची एक पट्टी समोरच्या भिंतीवर पडली होती, आणि तिथे कोनाड्यात एक बाटली उभी होती, घडी केलेल्या फडक्यावर.

तिच्यात गळ्यापर्यंत काहीतरी काळं भरलेलं होतं. उन्हाची पट्टी तिच्या कडेला लागत होती तिथे ते काळं लालसर, मधासारखं दिसत होतं. इतकी सुंदर अख्खी बाटली मी कधी पाहिली नव्हती. आता खरं लिहिते, कारण आता लपवून कोणासाठी ठेवू. कोनाड्यात धूळ होती आणि बाटलीवर नव्हती. हे मला तेव्हाच दिसलं. त्याचा अर्थही मला कळला, बारा वर्षांची मुलगी काही बाळ नसते. मी ती उचलली, माझ्या ओढणीत गुंडाळली आणि बाबांच्या गोणपाटाच्या पिशवीत, खड्ड्यातल्या बाटल्यांच्या मध्ये खोचून ठेवली. घरी गेल्यावर ती बाहेर निघेल, बाबा म्हणतील अरे ही कधी मिळाली, आणि मी म्हणेन, मला मिळाली. याच्या पुढचं मी काही ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी मी शाळेचा गृहपाठ करत होते आणि गॅलरीतून खळखळ ऐकू येत होती. रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि धुतलेल्या बाटल्या वयाप्रमाणे ओळीत मांडायला घेतल्या. माझी बाटली हातात आली तेव्हा ते थांबले. अंगठा फिरवला. बूड पाहिलं. दिव्यासमोर धरली, मग शेजारची एक बाटली उचलून तिच्याजवळ धरली. मातीत वर्षानुवर्षं पडलेल्या काचेला एक आजार होतो. तिच्यावर तेलाच्या तवंगासारखी रंगीत साय येते, आणि आईच्या सोड्यानेही ती जात नाही. माझी बाटली मात्र पाण्यासारखी स्वच्छ होती.

"ही मातीत नव्हती," बाबा हळूच म्हणाले. "मुंबईचीच आहे. सरबताची. तुझ्यापेक्षा मोठी, माझ्यापेक्षा लहान. पण ही एक दिवसही मातीत नव्हती. सावलीत उभी होती." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुले, ही कुठली?"

मी सांगितलं. रडत रडत सांगितलं. बाबा ओरडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "आत काही होतं?" आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आई ओले हात पदराला पुसत उभी होती.

"काळं काहीतरी होतं," आई म्हणाली. "चिकट. निघता निघेना. तीनदा उकळतं पाणी घातलं."

"कसला वास होता?"

आईने हात पुन्हा पदराला पुसले. "काकवीचा," ती म्हणाली. "आमच्या गुऱ्हाळात यायचा तसा."

"मग ओतलंस कशाला, निर्मला?"

"अहो, संडासातनं आलेल्या बाटलीतल्या वस्तूला वास कसला का येईना, मी काय चाखून बघणार होते?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मला वाटलं, घरची आठवण आली म्हणून मलाच भास झाला."

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. बाटली आईने गॅलरीतल्या फळीवर जाऊ दिली नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली, आणि आम्ही तिघंही तिच्याकडे न बघता पाणी घ्यायला आत-बाहेर करत राहिलो. शुक्रवारी सकाळी बाबा म्हणाले, "यल्ला, सुले, निघू," आणि बघते तर आई तयार. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर येत होती. चांगली सिल्कची साडी नेसली होती, कोणाकडे हळदीकुंकवाला निघाल्यासारखी, आणि बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.

शेतघराशी नबीबक्ष भेटला. तो बलुची म्हातारा उरलेली बकरी आणि चार खजुरी सांभाळायचा आणि आम्हाला दर वेळी चहा पाजायचा. आज त्याने चहाचं नाव काढलं नाही. आईच्या हातातली बाटली पाहून तो मटकन खाली बसला. "अम्मा आयी थी उसी दिन दोपहर को," तो म्हणाला. "हर जुम्मे आती है. कोने में बैठी रही. मेरे से कुछ नहीं पूछा, साब. बस मेरी तरफ देखा." आणि त्याने डोळे पुसले. बारा वर्षं तो त्या घरची राखण करत होता. माझ्या जन्मापासूनची वर्षं म्हणजे. मी तेव्हा मेल्याहून मेल्यासारखी झाले.

त्यानेच आम्हाला त्या अम्माच्या, म्हणजे शेतघराच्या मालकिणीच्या, नव्या घरी नेलं. सरकारी वसाहतीतलं ते घर, गालिचा, एसी, भिंतीला लावलेल्या गाद्या. उम्म सईद म्हणजे सईदची आई. तिकडे बायकांना मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ती साठीची असेल, म्हणजे आज मी आहे तेवढी. तोंडावर तिकडचा तो मुखवट्यासारखा, सोनेरी चकाकीचा बुरका, नाकावर उभी पट्टी असलेला, आणि त्यातून दोन फार शांत डोळे. तिचे वडील लांचमधून, म्हणजे गलबतातून, मुंबईला जात असत, म्हणून तिला मोडकं हिंदी येत होतं. आम्ही कोण, कशासाठी आलो, हे विचारण्याआधी तिने कॉफी आणि खजूर पुढे केले. पुरे झालं की कप जरा हलवायचा असतो हे आईला ठाऊक नव्हतं. ती प्रत्येक वेळी अन्नाला नाही म्हणू नये म्हणून पीत राहिली आणि उम्म सईदची सून ओतत राहिली. सहाव्या की सातव्या कपाला बाबांनी तिचा हात धरला.

मग आईने बाटली पुढे ठेवली.

उम्म सईदने ती उचलली नाही, नुसती बघत राहिली. मग झाकण उघडलं आणि बुरक्याखालून नाकाशी नेली. बराच वेळ ती तशीच धरून होती.

"साफ," ती म्हणाली. "बहुत साफ."

"मैंने धोया," आई म्हणाली. "मेरेको मालूम नहीं था."

"उठाया कौन?"

बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधी आई म्हणाली, "मैंने." मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझा हात असा दाबला की बांगडीचा वळ उठला. आणि मी गप्प बसले.

उम्म सईदने काही आदळआपट केली नाही. ती सांगत होती, तुटक तुटक, सून मध्येच एखादा शब्द पुरवी. त्या शेतावरचा शेवटचा उन्हाळा होता. पाणी नव्हतं, झाडं गेली होती, खजूर इतका कमी की दिब्सने रांजणाचा तळही झाकला नाही. तिच्या आईने तो वाटीने निपटून एका बाटलीत भरला आणि कोनाड्यात ठेवला, आणि थंडी यायच्या आत ती म्हातारी वारली. "इधर लाएगा तो बच्चा लोग खा जाएगा. खलास. उधर रहेगा तो उधर मेरा अम्मा है." म्हणून ती बाटली तिथेच ठेवली होती. दर शुक्रवारी नमाजानंतर मुलगा गाडीने सोडी, ती आत बसे, बाटली पुसे, परत ठेवी. आम्ही सकाळी जायचो, ती दुपारी. कधी गाठ पडली नाही.

परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. डोंगर मागे पडले, धैदचा बाजार मागे पडला, आणि मग शार्जाच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा ती एकदम म्हणाली, "दर शुक्रवारी पुसायची हो ती." आणि गाडीत, बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून, इतकी रडली की बाबांना गाडी कडेला घ्यावी लागली. आजी गेल्याचं पत्र आलं तेव्हा ती अशी रडली नव्हती. त्या दिवशी ती कोणासाठी रडत होती ते वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि मला काढायचंही नाही. मी मागच्या सीटवर होते. मला एवढंच वाटत होतं की मी ते घेतलं, आणि आता जगातल्या कुठल्याही दुकानात ते मिळणार नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आईने स्टूल घेतलं, पापडांचा डबा बाजूला केला आणि बरणी खाली काढली. बाबा म्हणाले, "निर्मला, विचार कर." ती म्हणाली, "आठवडाभर तेच केलंय."

उम्म सईदने आम्हाला पाहून आश्चर्य दाखवलं नाही. पुन्हा कॉफी, पुन्हा खजूर. या वेळी आईने दोन कपांनंतर कप हलवला आणि सून हसली. मग आईने बरणी काढून तिच्यापुढे सरकवली. "ये मेरी माँ का है," ती म्हणाली. "वो भी नहीं है अब. मैं जा नहीं सकी. ये आखरी है. आप रखो."

आणि आता नाही तर कधीच नाही असं मला वाटलं. शाळेत हिंदीच्या बाईंसमोर उभी राहावी तशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाटली मैंने उठायी थी. मम्मी ने नहीं."

उम्म सईदने माझ्याकडे पाहिलं. बुरक्याआड ती हसली असावी, डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. "मालूम," ती म्हणाली. "औरत दीवार में रखा हुआ चीज नहीं उठाता. औरत को मालूम, वो क्या होता." मग मला जवळ बसवून तिने माझ्या हातावर एक खजूर ठेवला. नबीबक्षला तिने त्याच आठवड्यात बोलावून माफी मागितली होती, हे त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं.

बरणीचं झाकण उघडून तिने बोटांनी एक लिंबू काढलं, काळं, सुरकुतलेलं, खजुरासारखंच दिसणारं. बहुधा गोड असेल असं समजून तिने त्याचा चांगला मोठा तुकडा बुरक्याखालून तोंडात टाकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचे खांदे वर गेले, डोळे घट्ट मिटले, आणि "या अल्लाह!" म्हणत ती अशी हसत सुटली की सून धावत पाणी घेऊन आली. आईही हसायला लागली. मोठमोठ्याने, तोंडावर पदर घेऊन, दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा पुन्हा. आजी गेल्यापासून मी आईला असं हसताना पाहिलं नव्हतं. बाबा आणि मी खुळ्यासारखे बघत बसलो.

हसू ओसरल्यावर उम्म सईदने उरलेला तुकडाही खाल्ला. मग झाकण लावलं आणि बरणी आईकडे परत सरकवली. "मेरे को एक बस," ती म्हणाली. "बाकी तुम्हारा अम्मा तुम्हारे पास." आई नको नको म्हणत राहिली. तेव्हा ती उठली, आतून ती बाटली घेऊन आली आणि आईच्या हातात दिली. "मैं खाली बोतल का क्या करेगा. इसमें डालो. इन्शाल्ला खाली नहीं रहेगा."

घरी येऊन आईने उरलेली लिंबं चिरून त्या बाटलीत भरली. त्यानंतर बाबांनी खणणं सोडलं. सळई कितीतरी दिवस दारामागे उभी होती, मग पडदा लावायला उपयोगी पडली. आम्ही त्या घरी तीन-चारदा गेलो, ईदला एकदा आईने चिरोटे केले होते. मग बाबांना अबू धाबीला काम मिळालं, मला पुण्याला मावशीकडे शिकायला पाठवलं, आणि रोल्ला सुटलं ते सुटलं. उम्म सईद कधी गेली, आम्हाला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण? मध्ये एकदा मुलाला घेऊन तिकडे गेले होते. शेतघराच्या जागी गोदाम होतं, आणि विहीर कुठल्या अंगाला होती तेही मला सांगता येईना. वाऱ्याची दिशा पाहून मी कोपरा धरायचा प्रयत्न केला. पायांखाली सिमेंट होतं.

आता मी माझ्या मुलाकडे असते, अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवर, चोविसाव्या मजल्यावर. इथे काही उकरायला जमीनच नाही. ती बाटली माझ्याबरोबर पुण्याला गेली, लग्नात सासरी गेली, आणि पुन्हा इकडे आली. आईने तिच्यावर चिकटपट्टीखाली कागदाचा एक तुकडा लावला होता, तिच्या त्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात: "ही धुवू नये." शेवटची फोड बाबांच्या आजारपणात संपली. तळाला खाराचा काळा थर आहे, बस. मागच्या आठवड्यात सुनेने स्वयंपाकघर आवरायला काढलं आणि नातीने बाटली डिशवॉशरपाशी आणली. "आजी, धिस इज सो ओल्ड. कॅन आय वॉश इट?" मी ती तिच्या हातातून इतक्या घाईने घेतली की पोर घाबरली. "व्हॉट डझ इट से?" तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, आणि ते वाचून दाखवताना मला वाटलं, हे एकदा लिहून ठेवलं पाहिजे.

ती झोपल्यावर मी झाकण उघडलं. अधूनमधून उघडते. लिंबाचा वास येतो, मिठाचा येतो, आजीच्या ओसरीचा येतो असंही मला वाटतं. त्याच्या खाली, काचेच्या अगदी अंगाला, थोडासा काकवीचा वास राहून गेला असेल म्हणून मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा नाक लावते. नाही येत. आई कामाला फार चोख होती.